ज्याला गिटार सुरात लावताही येत नव्हती, त्याच माणसाच्या गिटारवर अख्खं रॉक म्युझिक उभं राहिलं

तो व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असणार. एक कारागीर अक्रोडाच्या लाकडाचा तासून गुळगुळीत केलेला तुकडा टेबलावर ठेवतो. फडक्यावर थोडं तेल घेतो आणि एकदा हात फिरवतो. मघापर्यंत मातकट दिसणारं लाकूड एकदम उजळतं, आतल्या रेषा सरसरून वर येतात. खाली कमेंटमध्ये नुसत्या आगीच्या इमोजी. मग त्या तुकड्याला मान बसते, तारा चढतात आणि आपल्याला कळतं की ही इलेक्ट्रिक गिटार आहे.

कस्टम गिटार बनवणाऱ्यांची ही वेगळीच दुनिया आहे. कुणी शिसव वापरतं, कुणी महोगनी, कुणी आफ्रिकेतलं वेंगे, कुणी हवाई बेटांवरचं कोआ. लाकूड वेगळं, फिनिश वेगळं आणि किंमत तर विचारूच नका.

पण पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की आकाराकडे नीट बघा. वरच्या बाजूला दोन शिंगं, कमरेत बारीक, मान मागून चार स्क्रूंनी आवळलेली आणि डोक्यावर सहाच्या सहा खुंट्या एकाच बाजूला. लाकूड कुठलंही असो, दर दोन-चार गिटारींमागे एकीचा साचा हाच असतो.

हा साचा जगभर नेणारा माणूस म्हणजे लिओ फेंडर.

आणि विषय असा आहे की या माणसाला भारी लाकडाचं काहीच कौतुक नव्हतं. त्याला पाहिजे होतं स्वस्त, सरळ आणि सहज मिळणारं लाकूड. वर त्याला गिटार वाजवता येत नव्हती. वाजवणं सोडा, सुरात लावताही येत नव्हती.

मग हे झालं कसं?

लिओचं पूर्ण नाव क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर. जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. कॅलिफोर्नियात ॲनाहाइम आणि फुलर्टन या दोन गावांच्या मध्ये त्याच्या आईवडिलांची संत्र्याची बाग होती. आठ वर्षांचा असताना डोळ्यात गाठ झाली आणि डावा डोळा काढावा लागला. तिथे काचेचा डोळा बसवला. पुढे दुसऱ्या महायुद्धात बरोबरीची पोरं सैन्यात गेली तेव्हा लिओला याच डोळ्यामुळे घरी राहता आलं. ते तेव्हा त्याला कसं वाटलं असेल ते असो, पण गिटारच्या इतिहासासाठी ते बरंच झालं.

त्याच्या एका काकांचं गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. लिओ तेरा-चौदा वर्षांचा असताना त्यांनी त्याला एक खोकं पाठवलं. आत गाडीच्या रेडिओचे टाकून दिलेले भाग आणि एक बॅटरी. पोराला एवढंच पुरलं. शाळेत असतानाच तो घरी रेडिओ दुरुस्त करायला लागला.

शिक्षण मात्र घेतलं अकाउंटिंगचं. बर्फाच्या कंपनीत माल पोचवण्याची नोकरी केली, तिथेच नंतर हिशेब लिहिले. मग कॅलिफोर्नियाच्या हायवे खात्यात हिशेबनीस झाला. मंदीचा काळ. ती नोकरी गेली. टायरच्या कंपनीत लागला, सहा महिन्यांत तीही गेली. तोवर एस्थरशी लग्न झालेलं. शेवटी १९३८ मध्ये त्याने ६०० डॉलर कर्ज काढलं, फुलर्टनला परत आला आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं.

हे दुकान लक्षात ठेवा, कारण लिओ फेंडर शेवटपर्यंत मनाने रेडिओ मेकॅनिकच राहिला. त्याने बनवलेल्या प्रत्येक गिटारमध्ये तुम्हाला तो मेकॅनिक दिसतो.

दुकानात रेडिओबरोबर लाउडस्पीकर आणि ॲम्प्लिफायरही दुरुस्तीला यायचे. ते घेऊन येणारे असायचे वादक. कॅलिफोर्नियात तेव्हा नाचाच्या मोठमोठ्या हॉलमध्ये बँड वाजायचे. ड्रम होते, तुताऱ्या होत्या आणि त्या गोंगाटात बिचाऱ्या गिटारवाल्याचा आवाज कुणालाच ऐकू जात नव्हता.

त्यावर उपाय निघाला होता. पोकळ गिटारलाच पिकअप लावायचा. पिकअप म्हणजे एक चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांमध्ये बारीकसा वीजप्रवाह तयार होतो आणि तो ॲम्प्लिफायर मोठा करतो. गणित सोपं आहे.

घोळ पुढे होता. गणपतीच्या मांडवात माईक स्पीकरसमोर नेला की कुईं करून आवाज येतो ना, अगदी तसंच इथे व्हायचं. स्पीकरचा आवाज गिटारच्या पोकळ पोटात घुसायचा, ते पोट थरथरायचं, त्याने तारा हलायच्या, तो आवाज पुन्हा स्पीकरमधून यायचा. आवाज वाढवला की गिटार किंचाळायला लागायची.

मग पोटच काढून टाकलं तर? सरळ भरीव लाकूडच घेतलं तर?

ही कल्पना एकट्या लिओची नव्हती, हे इथेच सांगितलं पाहिजे. तीसच्या दशकात रिकनबॅकर कंपनीची मांडीवर ठेवून वाजवायची भरीव गिटार आली होती. लेस पॉल नावाच्या वादकाने चाळिशीच्या सुरुवातीला एका ओंडक्याला तारा लावून पाहिल्या होत्या. आणि पॉल बिग्जबी नावाच्या कारागिराने १९४८ मध्ये मर्ल ट्रॅव्हिस या गायक-वादकासाठी मेपलची एक देखणी भरीव गिटार बनवली होती, सगळ्या खुंट्या एका बाजूला असलेली. लिओने ती पाहून उचलली की नाही, यावर गिटारवाले आजही भांडतात. बिग्जबी एकेक गिटार ऑर्डरप्रमाणे हाताने बनवायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर तो खरा कस्टम बिल्डर होता. म्हणूनच त्याच्या गिटारी मोजक्याच लोकांच्या हाती पोचल्या.

लिओची सुरुवात याहून साधी. युद्धाच्या काळात, १९४३ च्या आसपास, त्याने आणि त्याचा मित्र डॉक कॉफमनने पिकअप तपासण्यासाठी ओकच्या लाकडाची एक ओबडधोबड गिटार केली. ती दिसायला नावापुरतीच गिटार होती. पण गावातल्या कंट्री म्युझिकवाल्यांनी ती एकदा वाजवून पाहिली आणि मग भाड्याने न्यायलाच सुरुवात केली. दिसायला काहीच नसलेल्या वस्तूसाठी लोक नंबर लावतायत म्हटल्यावर मेकॅनिकच्या डोक्यात दिवा पेटला.

दोघांनी मिळून कंपनी काढली, पण कॉफमनला जोखीम नको होती. तो १९४६ मध्ये बाहेर पडला. लिओ एकटाच पुढे निघाला आणि १९४८ मध्ये त्याला जॉर्ज फुलर्टन नावाचा साथीदार मिळाला. गावाचं नाव आणि माणसाचं आडनाव एकच, हा निव्वळ योगायोग.

आता येतो मुख्य भाग, लाकडाचा.

तोवर गिटार बनवणं म्हणजे व्हायोलिन बनवण्यासारखं काम होतं. पातळ फळ्या वाफेवर वाकवायच्या, आतून आधार द्यायचे, मान सरसाने कायमची चिकटवायची. अनेक वर्षांचा हात लागायचा. मान वाकडी झाली तर पुन्हा त्याच कारागिराकडे जा, तो सांधा उकलणार, पुन्हा चिकटवणार, तोवर तुमचे कार्यक्रम बुडाले.

लिओने हा सगळा विचार मेकॅनिकच्या डोक्याने उलटा केला. १९४९ मध्ये त्याने पहिला नमुना केला तो चक्क पाइनच्या लाकडाचा. नंतर बॉडीसाठी ॲश नावाचं लाकूड आलं. एक पूर्ण रुंद फळी मिळाली नाही तर दोन-तीन तुकडे कडेला कडा लावून चिकटवायचे. पट्टीच्या करवतीने आकार कापायचा, राउटरने पिकअपसाठी खड्डे पाडायचे, कडा घासायच्या. मान मेपलची, एका अखंड तुकड्यातून काढलेली. तिला बॉडीत खाच करून बसवायची आणि मागून एक लोखंडी पट्टी ठेवून चार स्क्रू आवळायचे. सरस नाही, वाफ नाही. मान खराब झाली? चार स्क्रू काढा, दुसरी लावा. दहा मिनिटांचं काम.

जुन्या कंपन्यांमधल्या लोकांनी खिल्ली उडवली. कुणी या गिटारला होडीचं वल्हं म्हटलं, कुणी बर्फ ओढायचं फावडं. आणि १९५२ मध्ये त्यांच्यातल्याच गिब्सनने लेस पॉलच्या नावाने स्वतःची भरीव गिटार बाजारात आणली.

पण लिओचंही सगळं बरोबर नव्हतं. त्याचं म्हणणं होतं की मेपल इतकं टणक असतं की मानेत लोखंडी सळई घालायची गरजच नाही. विक्रीचं काम बघणारा डॉन रँडल कानीकपाळी ओरडत होता की घाला. सहा तारा मिळून मानेवर साधारण ४५-५० किलोचा ताण देतात, तेव्हाच्या जाड तारांचा तर त्याहून जास्त. १९५० मध्ये एस्क्वायर या नावाने पहिल्या गिटारी गेल्या आणि माना वाकून तक्रारी आल्या. शेवटी लिओला ऐकावं लागलं.

आता अडचण अशी की मान अखंड होती. वर वेगळी पट्टी चिकटवलेली असती तर सळई तिच्याखाली लपवता आली असती. मग त्यांनी मानेच्या मागच्या बाजूने खोबण पाडली, सळई आत घातली आणि खोबण अक्रोडाच्या पट्टीने बुजवली. पिवळसर मेपलवर उठून दिसणारी ती गडद रेघ आज फेंडरची ओळख आहे. लोक कस्टम गिटारमध्ये मुद्दाम मागून घेतात. मुळात तो चूक निस्तरतानाचा व्रण आहे.

नावाचाही राडा झाला. दोन पिकअपच्या गिटारला ब्रॉडकास्टर हे नाव दिलं होतं. फेब्रुवारी १९५१ मध्ये ग्रेच कंपनीची तार आली की जवळपास याच नावाचे ड्रम आम्ही विकतो, तुम्ही हे नाव वापरू नका. लिओने भांडण केलं नाही. पण छापून ठेवलेले स्टिकर फेकायचे कशाला? कामगारांनी स्टिकरवरून मॉडेलचं नाव तेवढं कापून टाकलं आणि नुसतं फेंडर लिहिलेल्या गिटारी विकल्या. काही महिन्यांनी टेलिकास्टर हे नवं नाव आलं. मधल्या काळातल्या त्या बिननावाच्या गिटारींना संग्राहक आज डोक्यावर घेतात.

त्याच वर्षी लिओने आणखी एक काम केलं, ज्याबद्दल गिटारवाले फारसं बोलत नाहीत पण बँडमधल्या बाकी सगळ्यांनी बोललं पाहिजे. तोवर बेस वाजवणाऱ्याला माणसाएवढं उभं वाद्य गाडीच्या टपावर बांधून फिरावं लागायचं आणि एवढं करून त्याचा आवाज मागे पोचायचा नाही. लिओने त्याला गळ्यात अडकवता येईल असं केलं, वर गिटारसारखे धातूचे पडदे बसवले, म्हणजे बोट कुठे ठेवायचं याचा अंदाज बांधायची गरज संपली. सूर अचूक लागतो म्हणून नाव प्रिसिजन बेस. आज तुम्ही ऐकता त्या बहुतेक गाण्यांच्या तळाला असलेला घुमारा या वाद्याच्या वंशातला आहे.

आता गिटार न वाजवता येणाऱ्या माणसाला गिटारमध्ये काय कमी आहे हे कळायचं कसं? वादकांना विचारून. कारखान्यात वादकांचा राबता असायचा. लिओ त्यांना नमुना द्यायचा, ते रात्री कार्यक्रमात वाजवायचे, सकाळी येऊन शिव्या घालायचे आणि लिओ पुन्हा करवतीकडे वळायचा.

मला वाटतं त्याचं सगळ्यात मोठं कौशल्य हेच होतं. ज्याला वाजवता येतं तो स्वतःच्या हाताला सोयीची गिटार बनवतो. लिओला स्वतःचा हातच नव्हता, त्यामुळे त्याला दुसऱ्याचं ऐकावं लागलं.

बिल कार्सनसारख्या वादकांची तक्रार होती की टेलिकास्टरची चौकोनी कड बरगडीत रुतते. सहा तारांना टेकवायला तीनच खोगिरं आहेत, त्यामुळे सूर पूर्ण जुळत नाही. शिवाय सूर लहरवता येईल असा दांडा पाहिजे. लिओ, त्याचा सहकारी फ्रेडी टव्हारेस आणि जॉर्ज फुलर्टन यांनी यादी समोर ठेवून काम केलं. पोटाला लागणारा मागचा भाग खोलगट तासला. उजवा हात टेकतो तिथली कड उतरती केली. प्रत्येक तारेला स्वतंत्र खोगीर. तीन पिकअप. स्प्रिंगवर तरंगणारा दांडा. १९५४ मध्ये ही गिटार बाजारात आली, दांड्यासकट किंमत २४९ डॉलर ५० सेंट.

स्ट्रॅटोकास्टर. मुद्दाम गिटारचं चित्र काढायला सांगितलं तर आपल्यातले निम्मे लोक नकळत हिचंच काढतील.

हिचं फिनिश ही वेगळीच गोष्ट आहे आणि कस्टम गिटारच्या नादाला लागलेल्यांनी ती जरूर वाचावी. सुरुवातीला बॉडी ॲशची होती. ॲशच्या रेषांमध्ये मोठी छिद्रं असतात. त्यावर थेट रंग मारला तर तो आत शोषला जातो आणि पृष्ठभाग खडबडीत राहतो. म्हणून आधी लांबीसारखा भराव चोळायचा, वाळला की घासायचा, मग सीलर, मग रंग. वेळखाऊ काम. १९५६ मध्ये बहुतेक गिटारींसाठी आल्डर वापरायला सुरुवात झाली. आल्डरचे धागे घट्ट असतात, भराव लागत नाही. आवाजाचा वगैरे मोठा विचार नंतर लोकांनी जोडला. कारखान्याच्या दृष्टीने हे लाकूड हाताशी होतं, स्वस्त होतं आणि लवकर रंगत होतं.

रंगायची पद्धत पाहा. लाकडाला आधी पिवळा रंग द्यायचा. मग स्प्रे गन घेऊन कडेने गडद तपकिरी-काळा, आत येता येता विरळ. मधे सूर्य उगवल्यासारखं दिसतं म्हणून सनबर्स्ट. १९५८ पासून दोन्हींच्या मधे लाल पट्टा आला, पण सुरुवातीचा लाल रंग उन्हात उडून जायचा आणि गिटार पुन्हा दोन रंगांची दिसायला लागायची. ओली बॉडी कुठेही चिकटू नये म्हणून दर्शनी बाजूला तीन-चार खिळे ठोकलेले असायचे. बॉडी पालथी केली की ती या खिळ्यांच्या पायांवर उभी राहायची. वाळल्यावर खिळे काढायचे. त्यांची भोकं आजही जुन्या स्ट्रॅटच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली वगैरे सापडतात आणि गिटार खरी की बनावट हे ठरवताना जाणकार आधी तीच शोधतात.

वरचा थर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा. हे लॅकर पातळ बसतं, प्रत्येक नवा हात आधीच्या थरात विरघळून एकजीव होतो. पण ते कालांतराने पिवळं पडतं, थंडीत तडकतं, हात लागून लागून उडतं. म्हणजे खरं तर हा दोष. आता मजा बघा. पुढे फेंडर कंपनीच्याच कस्टम शॉपने १९९५ मध्ये नव्याकोऱ्या गिटारी मुद्दाम झिजवून, रंग उडवून विकायला काढल्या आणि लोक त्यासाठी जास्त पैसे मोजतात. लिओने हे पाहिलं असतं तर त्या गिटारी दुरुस्तीला घेतल्या असत्या.

रंगीत गिटारी हवं असणाऱ्यांसाठी लिओच्या कंपनीने थेट मोटारींचे रंग वापरले. जॉर्ज फुलर्टनने गावातल्या रंगाच्या दुकानात जाऊन लाल रंग मिसळून घेतल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. ड्युपाँट कंपनीचे फोर्ड आणि कॅडिलॅक गाड्यांवर लागणारे रंग साठच्या दशकात गिटारवर आले, फिएस्टा रेड, लेक प्लॅसिड ब्लू वगैरे. जादा आकार ५ टक्के. कस्टम फिनिश म्हणजे तेव्हा एवढंच होतं.

आणि १९५८-५९ मध्ये या सगळ्यात शिसव आलं. मेपलच्या मानेवरचं लॅकर बोटांनी घासून उडायचं आणि खालचं पांढरं लाकूड काळंकुट्ट, कळकट दिसायचं. टीव्हीवर तर फारच वाईट. म्हणून बोटं फिरतात त्या पट्टीसाठी गडद रोजवूड घेतलं. रोजवूडला लॅकर लागतच नाही, ते स्वतःच तेलकट असतं. आधी ब्राझीलचं होतं, साठच्या दशकाच्या मध्यापासून भारतातलं वापरायला लागले.

भारतीय रोजवूड म्हणजे आपलं शिसव. सह्याद्रीत आणि दक्षिणेत वाढणारं तेच झाड, ज्याचे पलंग आणि देव्हारे जुन्या वाड्यांमध्ये अजून असतील. जगभरच्या असंख्य गिटारींच्या पट्ट्या या लाकडाच्या आहेत. ब्राझीलच्या रोजवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ मध्ये बंदी आली. शिसवाच्या जातीतल्या बाकी झाडांवर २०१७ मध्ये कडक परवाने लागले. गिटार घेऊन दुसऱ्या देशात कार्यक्रमाला जाणं म्हणजे कागदांची कटकट झाली, मग २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

तर धंदा जोरात होता. आणि नेमकं तेव्हाच लिओचं शरीर साथ सोडायला लागलं.

पन्नाशीच्या दशकात त्याला सायनसचा जंतुसंसर्ग झाला होता. तो जाता जाईना. वर्षानुवर्षं तब्येत खालावत गेली. माणूस दिवसरात्र कारखान्यात राबणारा, पण आता त्याला वाटायला लागलं की आपले फार दिवस राहिले नाहीत. आपल्यामागे कामगारांचं, एस्थरचं काय? त्याने सगळं आवरायचं ठरवलं. जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला विकली, १ कोटी ३० लाख डॉलरला. सीबीएस ही टीव्ही आणि रेडिओवाली कंपनी. आदल्याच वर्षी तिने न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा घेतला होता, तोही याहून कमी पैशात.

विकल्यानंतर थोड्याच दिवसांत लिओने डॉक्टर बदलला.

आणि तो बरा झाला.

विचार करा. मरणार म्हणून आयुष्यभराचं काम विकलं, आणि आता समोर धडधाकट शरीर आणि करारावर सही. कराराप्रमाणे त्याला दहा वर्षं गिटारच्या धंद्यात फेंडरशी स्पर्धा करता येणार नव्हती. दारावर त्याचंच आडनाव होतं आणि आत तो फक्त सल्लागार. पैसा भरपूर आला होता, पण ज्याला सुट्टीच्या दिवशीही वर्कशॉप लागायचं त्याने त्या पैशाचं करायचं काय, हा प्रश्नच होता.

त्याच्या नावाची गिटार खऱ्या अर्थाने अजरामर झाली ती याच वर्षांत. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने पांढरी स्ट्रॅट उलटी धरून वाजवली. आणि भारी लाकडाची सगळ्यात गाजलेली फेंडरही तेव्हाचीच. १९६८ मध्ये रॉजर रॉसमाइझल आणि फिलिप क्युबिकी या कंपनीतल्या कारागिरांनी बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनसाठी संपूर्ण रोजवूडची टेलिकास्टर बनवली. वरखाली रोजवूड, मधे मेपलचा पातळ थर. रोजवूड तेलकट, त्यामुळे त्यावर फिनिश वाळवणं म्हणजे संयमाची परीक्षा. ती गिटार विमानात स्वतंत्र सीटवर बसून इंग्लंडला गेली. ३० जानेवारी १९६९ ला लंडनमध्ये इमारतीच्या गच्चीवर बीटल्सचा शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला, त्यात हॅरिसनच्या गळ्यात तीच आहे. यूट्यूबवर बघा, चॉकलेटी रंगाची.

पाइनच्या फळीपासून निघालेला साचा इथवर पोचला होता. लिओचा या गिटारशी काही संबंध नव्हता.

इकडे सीबीएसने खर्च कापायला सुरुवात केली. लॅकरच्या जागी जाड पॉलिएस्टर आलं, १९७१ पासून स्ट्रॅटच्या मानेला चारऐवजी तीन स्क्रू आले, दर्जा घसरला. गिटारच्या बाजारात आजही सीबीएसच्या आधीची आणि नंतरची असा सरळ भेद करतात. वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, कंपनीतल्याच लोकांनी आणि काही गुंतवणूकदारांनी ती १ कोटी २५ लाखांना विकत घेतली. म्हणजे सीबीएसने घेतली होती त्याहूनही कमी किमतीत.

लिओची दहा वर्षं १९७५ मध्ये संपली आणि तो लगेच म्युझिक मॅन कंपनीचा अध्यक्ष झाला. जुनेच सहकारी होते. पुढच्याच वर्षी स्टिंगरे नावाचा बेस आला आणि चालला. पण भागीदारांशी बिनसलं. १९७९ मध्ये एस्थर कॅन्सरने गेली. टेलिफोन कंपनीत नोकरी करून तिने पडत्या काळात घर सांभाळलं होतं.

सत्तरीच्या माणसाने इथे थांबायला हरकत नव्हती. लिओने मात्र जॉर्ज फुलर्टनला सोबत घेऊन तिसरी कंपनी काढली, जी अँड एल. जॉर्ज आणि लिओ. जागा तीच, फुलर्टन. पुढे त्याने फिलिसशी दुसरं लग्न केलं.

१९८५ मध्ये जी अँड एलने टेलिकास्टरच्या वळणाची एक नवी गिटार काढली आणि लिओने तिला आपलं जुनं, ग्रेचने हिसकावून घेतलेलं नाव दिलं. ब्रॉडकास्टर. या वेळी आक्षेप घेतला फेंडर कंपनीने. लिओ फेंडरला फेंडरकडूनच सांगण्यात आलं की हे नाव वापरू नका. त्याने पुन्हा भांडण केलं नाही. नाव बदलून एसॅट केलं आणि कामाला लागला.

त्या काळात त्याला पार्किन्सन झाला होता. हात थरथरायचे, बोलणं कमी झालं होतं. तरी रोज सकाळी तो आपल्या खोलीत जायचा, पिकअप उघडायचा, ब्रिजचे स्क्रू फिरवून बघायचा. २१ मार्च १९९१ ला तो गेला. आदल्या दिवशीही तो कामावर होता. जी अँड एलने पुढे अनेक वर्षं ती खोली कुलूप लावून तशीच ठेवली, टेबलावरची हत्यारं त्याने ठेवली होती तिथेच.